कुलूप एक, प्रती अनेक

प्रोसेसर मेमरीतला एक बाइट मागतो तेव्हा त्याच्या हाती एकटा बाइट कधीच येत नाही. एक्स८६ प्रोसेसरवर शेजारचे धरून सलग ६४ बाइट येतात आणि त्यांना आपण कॅश लाइन म्हणतो. ही लाइन कोरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एककाच्या) अगदी जवळच्या कॅशमध्ये, म्हणजे छोट्या वेगवान मेमरीत, असेल तर काम चार-पाच सायकलमध्ये (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांत) होते, मुख्य मेमरीपर्यंत जावे लागले तर दोनशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक सायकल जातात. वाचण्यासाठी एकाच लाइनच्या प्रती अनेक कोर बाळगू शकतात, पण लिहायचे असेल तर बाकीच्या सगळ्या प्रती आधी रद्द व्हाव्या लागतात. सामाईक माहितीला एका वेळी एकाच कोरने हात लावावा म्हणून तिला कुलूप असते; ते मिळेपर्यंत कोर त्याकडे पुन्हा पुन्हा पाहत थांबत असेल तर त्या कुलपाला स्पिनलॉक म्हणतात. लिनक्स कर्नलमधल्या (या कार्यप्रणालीच्या गाभ्यातल्या) स्पिनलॉकचा इतिहास मला या एका नियमाचाच इतिहास वाटतो.

सुरुवातीच्या स्पिनलॉकमध्ये रांग नव्हती. ज्या कोरने कुलूप नुकतेच सोडले, त्याच्याच कॅशमध्ये ती लाइन असल्यामुळे तोच पुन्हा कुलूप पटकावण्याची शक्यता जास्त असे आणि दूरचे कोर ताटकळत राहत. २००८ साली २.६.२५ या आवृत्तीत तिकीट लॉक आला. बँकेत टोकन घेऊन फलकाकडे पाहत बसावे, तसा प्रत्येक कोर आपला क्रमांक घेऊन थांबू लागला. अन्याय संपला, पण फलक एकच राहिला. कुलूप सोडताना त्यावरचा आकडा बदलला की वाट पाहणाऱ्या सगळ्यांच्या प्रती रद्द होत, सगळे एकदमच नवी प्रत मागत आणि त्यांतल्या एकाचाच क्रमांक लागलेला असे. त्यातच कुलपाने संरक्षित केलेली माहिती कुलपाला खेटून त्याच लाइनमध्ये ठेवलेली असेल, तर खुद्द कुलूपधारकालाही आपले काम करताना ती लाइन पुन्हा पुन्हा इतरांकडून ओढून आणावी लागे. हा खर्च कोडच्या ओळी वाचून दिसत नाही, म्हणूनच त्याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते.

यावरचा उपाय मेलर-क्रमी आणि स्कॉट या संगणकशास्त्रज्ञांनी १९९१ मध्येच मांडला होता: प्रत्येकाने स्वतःच्या जागेवर नजर ठेवावी आणि आधीच्याने फक्त आपल्या मागच्याला जागे करावे. मात्र त्यांच्या कुलपात पूर्ण पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) मावावा लागतो, म्हणजे ६४-बिट यंत्रावर ८ बाइट. कर्नलचा स्पिनलॉक माहितीच्या असंख्य रचनांच्या पोटात बसलेला असल्याने तो ४ बाइटांपलीकडे वाढवणे परवडणारे नव्हते. २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत आलेल्या क्यूस्पिनलॉकने पॉइंटरऐवजी रांगेतल्या शेवटच्या कोरचा क्रमांक त्या ४ बाइटांत बसवला आणि वाट पाहण्याच्या जागा प्रत्येक कोरच्या स्वतःच्या मेमरीत ठेवल्या.

त्यातली एक बारीक गोष्ट मला विशेष आवडते. वाट पाहणारा एकटाच असेल तर तो रांगेत जातच नाही. कुलपातला एक बिट राखून कुलपाकडेच पाहत थांबतो, कारण रांगेतल्या जागेला हात लावणे म्हणजे आणखी एक कॅश लाइन मागवणे.