मुलुंड ते मानखुर्द: एका मतदारसंघाची उजळणी

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय ‘ईशान्य मुंबईचा राजकीय इतिहास’. सुरुवातीलाच कबूल करतो, पन्नासेक वर्षं या भागात काढूनही ‘मी ईशान्य मुंबईत राहतो’ असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगितलं नसेल. माणूस मुलुंडचा असतो, भांडुपचा असतो, विक्रोळीचा असतो. फार तर ‘सेंट्रलवाला’ असतो. ईशान्य मुंबई नावाचं गाव निवडणुकीपुरतं वसतं आणि मतमोजणीच्या रात्री उठतं.

या गावाची एक खोड मात्र आहे. १९८४ पासून २०२४ पर्यंत इथे लोकसभेच्या अकरा निवडणुका झाल्या आणि एकाही खासदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा दिल्ली गाठता आली नाही. कामत, मेहता, कामत, महाजन, कामत, सोमय्या, कामत, पाटील, सोमय्या, कोटक, पाटील. ही यादी ऐकली की लोक म्हणतात, इथला मतदार चंचल आहे. मला ते पटत नाही. का पटत नाही, एवढंच आज सांगायचंय.

मागून येऊ या. १९६७ च्या आधी उपनगरांचा मोठा पट्टा उत्तर मुंबई या एकाच मतदारसंघात होता आणि तिथून १९५७ ला निवडून आले व्ही. के. कृष्ण मेनन. संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर जवळजवळ आठ तास बोलून ते नुकतेच आले होते. १९६२ ला त्यांच्यासमोर आचार्य कृपलानी उभे राहिले. त्या लढतीकडे देशाचे डोळे लागले होते. मेनन जवळपास दुप्पट मतं घेऊन जिंकले, आणि त्याच वर्षी चीनशी युद्ध होऊन त्यांचं संरक्षणमंत्रिपद गेलं.

१९६७ ला फेररचना झाली, ईशान्य मुंबई वेगळी निघाली. काँग्रेसनं मेनन यांना तिकीट नाकारलं. ते अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे. आय.सी.एस. अधिकारी, पानशेतच्या पुरानंतर पुणं सावरलेला माणूस, पुढे राज्यात मंत्री. शिवसेना तेव्हा वर्षाचीही नव्हती, पण मेनन यांच्या विरोधात तिनं रान उठवलं. ‘मुंबईत मद्राशी कशाला?’ हा सूर तेव्हाचा. बर्वे तेरा हजारांच्या आसपास मतांनी जिंकले आणि निकालानंतर काही दिवसांतच वारले. पोटनिवडणूक लागली. मेनन पुन्हा उभे राहिले, आणि या वेळी बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी त्यांना हरवलं. घाटकोपरला ‘बर्वेनगर’ म्हणून रिक्षा करता ना, ते हे बर्वे. रिक्षावाल्याला विचारू नका, त्याला फक्त भाडं माहीत असतं.

या पहिल्याच निवडणुकीत या मतदारसंघाचं गणित दिसतं. मेनन यांच्या पाठीशी डावे होते, कामगार होते, दक्षिण भारतीय वस्ती होती. मतदार कुठे गेला नव्हता. त्याच्याभोवतीची जुळणी बदलली होती. हे लक्षात ठेवा.

१९७१ ला इंटक या काँग्रेसच्या कामगार संघटनेचे राजा कुलकर्णी आले, इंदिरा लाटेत. पुढे जाऊ.

१९७७. मी सातवीत. आमच्या चाळीच्या भिंतीवर, डांबरी रस्त्याच्या अंगाला, जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी रंगवलेला. भांडुपात नांगर कुणी पाहिला होता? उमेदवार सुब्रमण्यम स्वामी. आणीबाणीत वॉरंट असताना ऑगस्ट १९७६ मध्ये राज्यसभेत हजेरी लावून पोलिसांच्या हाती न लागता निसटलेले, एवढीच त्यांची ओळख आणि ती पुरेशी होती. दहा वर्षांपूर्वी मेनन यांना परका ठरवलेल्या भागानं एका तमिळ माणसाला खासदार केलं. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसनं घालवल्या त्या वर्षी. १९८० ला इंदिराजी परत आल्या तरी स्वामी टिकले. लागोपाठ दोनदा निवडून आलेला हा इथला शेवटचा माणूस.

मग कामतांचा काळ. १९८४ ला गुरुदास कामत तिशीत होते, समोर पस्तिशीतले प्रमोद महाजन. काँग्रेसची लाट, महाजन पडले. १९८९ ला शिवसेना आणि भाजप रीतसर युती करून लढले आणि जयवंतीबेन मेहता आल्या. १९९१ ला पुन्हा कामत. १९९६ ला महाजनांनी कामतांना हरवून हिशेब चुकता केला आणि वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले. गंमत बघा, या पट्ट्यानं देशाला दोन संरक्षणमंत्री दिले. एकाचं पद चीननं घालवलं, दुसऱ्याचं न जमलेल्या बहुमतानं.

आता जरा थांबू या, कारण १९९७ ते १९९९ या दोन वर्षांत हा मतदारसंघ जितका उघडा पडतो तितका कधीच नाही.

११ जुलै १९९७. घाटकोपर पूर्वेची माता रमाबाई आंबेडकर नगर वस्ती. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली, लोक हमरस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलानं गोळीबार केला. दहा माणसं गेली. राज्यात युतीचं सरकार, खासदार युतीचा. सात-आठ महिन्यांनी लोकसभेची मध्यावधी निवडणूक लागली. शरद पवारांनी काँग्रेस, रिपब्लिकन आणि समाजवादी पक्षाची मोट बांधली. रिपब्लिकन गट त्या वेळी एकत्र होते. खुल्या जागांवरून त्यांचे चार खासदार निवडून आले, हे महाराष्ट्रात आधी कधी झालं नव्हतं. इथे कामतांनी महाजनांना पाडलं. गोळीबार हा एकच मुद्दा होता असं मी म्हणणार नाही. पण गोवंडी-मानखुर्दची मुस्लिम मतं, रमाबाई नगर आणि विक्रोळीकडची बौद्ध मतं, काँग्रेसची जुनी मतं, ही तिन्ही एका पेटीत पडली की मुलुंड कितीही एकगठ्ठा उतरो, उपयोग होत नाही.

आणि दीड वर्षात सगळं विस्कटलं. पवारांनी वेगळी राष्ट्रवादी काँग्रेस काढली. १९९९ च्या सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा एकत्र. मी पालिका शाळेत शिक्षक, मतदान केंद्रावर ड्युटी. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो तर शंभर मीटरच्या रेषेपलीकडे चिठ्ठ्या वाटणारी टेबलं. दीड वर्षापूर्वी एकाच टेबलावर बसून एकाच डब्यातलं खाणारी माणसं आता दोन टेबलांवर. एकावर हात, दुसऱ्यावर घड्याळ. घड्याळ नवंकोरं, पक्ष तीन-चार महिन्यांचा. एक म्हातारी विचारत होती, ‘पवारसाहेबांचं कुठलं?’ आणि दोन्ही टेबलांवरची पोरं गप्प. रिपब्लिकनांतही आठवले राष्ट्रवादीकडे, प्रकाश आंबेडकर काँग्रेसकडे. किरीट सोमय्या जिंकले. सांगा, यात मतदार कुठे चंचल झाला? म्हातारी तीच होती, तिचं मतही बहुतेक तेच होतं. टेबलं दोन झाली होती.

२००४ ला दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या आणि कामत परत आले. ती त्यांची इथली शेवटची फेरी. २००८ च्या फेररचनेनंतर ते उत्तर-पश्चिममध्ये गेले आणि तिथूनही जिंकले.

त्या फेररचनेनं आजचा नकाशा दिला: मुलुंड, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर. चेंबूर आज दक्षिण-मध्यमध्ये आहे, कुर्ला उत्तर-मध्यमध्ये. नकाशा हातात धरलात तर दोन टोकं दिसतील. वर मुलुंड: गुजराती, मराठी मध्यमवर्ग, सोसायट्या. खाली देवनारचं डम्पिंग ग्राउंड, १९२७ पासूनचं, आणि त्याच्या कुशीतलं शिवाजीनगर, बैंगनवाडी. मध्ये लाल बहादूर शास्त्री मार्ग, आमच्या वडिलांच्या तोंडी कायम ‘आग्रा रोड’. त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने होते. सकाळी सातचा भोंगा झाला की भांडुप, कांजूर, विक्रोळीच्या चाळी रिकाम्या व्हायच्या. ती चाळ कामगार संघटनांची होती, मग शिवसेनेची झाली. कारखाने गेले, टॉवर आले, मॉल आले. तिथली मराठी वस्ती मात्र पुष्कळशी टिकली, डोंगरावर सरकून का होईना. दोन टोकं आपापल्या जागी घट्ट आहेत. निकाल लागतो तो मधल्या चाळीत, आणि ती चाळ त्या वर्षी कुणाबरोबर आहे यावर.

२००९ ला ती फुटली. मनसेचे शिशिर शिंदे जवळपास दोन लाख मतं घेऊन गेले आणि राष्ट्रवादीचे संजय दिना पाटील सोमय्यांपेक्षा २,९३३ मतांनी पुढे राहिले. त्याच वर्षी विधानसभेला भांडुप, विक्रोळी, घाटकोपर पश्चिम या तीन जागा मनसेनं घेतल्या. सहापैकी तीन! आज तरुण कार्यकर्त्यांना हे सांगितलं तर खोटं वाटतं.

२०१४ ला चाळ पुन्हा युतीत आली आणि सोमय्या तीन लाखांहून जास्त फरकानं जिंकले. त्या वेळी आम आदमी पक्षाकडून मेधा पाटकर उभ्या होत्या. पाऊण लाखाच्या आसपास मतं मिळाली, गाजावाजा त्याहून बराच मोठा होता. २०१९ ला मतदारांनी नव्हे, शिवसेनेनं सोमय्यांना अडवलं. महापालिका निवडणुकीतली त्यांची टीका सेना विसरली नव्हती. भाजपनं मनोज कोटकांना आणलं, ते सव्वादोन लाखांनी आले आणि पुढच्या खेपेला त्यांनाही तिकीट मिळालं नाही. म्हणजे त्या ‘लागोपाठ नाही’च्या यादीतल्या या दोन खेपांना तरी मतदारांनी हात लावलेलाच नाही!

२०२४ तुम्हाला पाठ आहे. १३ मे ला वादळी वाऱ्यात घाटकोपरला पेट्रोलपंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळलं, सतरा जण गेले. दोनच दिवसांनी घाटकोपर पश्चिमेला पंतप्रधानांचा रोड शो. मेट्रो जागृतीनगरलाच थांबवलेली. ऑफिसातून सुटलेली माणसं चालत निघालेली, एका बाजूला फुलांच्या पाकळ्या उडतायत, दुसऱ्या बाजूला बायका मुलांचे हात धरून बॅरिकेडमधून वाट काढतायत. २० मे ला मतदान. शिवसेना दुभंगलेली, मधली चाळही. मुलुंडनं भाजपच्या मिहिर कोटेचांना भरभरून दिलं. मानखुर्द-शिवाजीनगरनं संजय पाटलांना त्याहून भरभरून दिलं, आणि एकेकाळी ‘आपला शत्रू’ म्हणून ज्या सेनेकडे ही वस्ती पाहत होती, तिच्याच ठाकरे गटाच्या मशालीवर. पाटील सुमारे तीस हजारांनी आले. पंधरा वर्षांपूर्वी घड्याळ, आता मशाल, माणूस तोच.

आता पुढच्या वेळी पाटलांना लागोपाठ दुसरी टर्म मिळेल का, हे मला विचारू नका. ते कुणाच्या टेबलावर बसलेले असतील तेवढं आधी कळू द्या. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतले काका मघापासून हात वर करून आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.