टाके निघाल्यानंतर

(दृश्य: छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. सकाळ. केसपेपरची रांग.)

जालना, बीड, परभणी, हिंगोली. पहाटेची एसटी धरून आलेली ही माणसं. यातले कितीतरी तोंडाच्या कॅन्सरचे. बायका स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या. वृषणाच्या कॅन्सरचा रुग्ण या रांगेत क्वचितच दिसतो. भारतात हा आजार कमी आढळतो, वर्षाला लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी. पण ज्याला होतो, तो बहुतेकदा विशी-तिशीतला असतो. ऐन लग्नाच्या, कमावण्याच्या वयातला.

आजार कमी, म्हणून सोबतही कमी. तोंडाचं ऑपरेशन झालेल्याला आसपासच्या चार गावांत दुसरा कुणीतरी भेटतो. याला कुणीच भेटत नाही. त्यात जागा अशी, की घरच्यांशीही बोलवत नाही.

हे ऑपरेशन अंडकोशावर छेद घेऊन करत नाहीत. जांघेत छेद घेतात आणि तिथून गाठ असलेली गोळी, म्हणजे वृषण, तिला जोडलेल्या नाडीसकट काढतात. खालून छेद दिला तर कॅन्सरच्या पेशी नको तिथं पसरायची भीती असते. जांघेतला हा व्रण हर्नियाच्या व्रणासारखा दिसतो. म्हणून गावात सांगितलं जातं, हर्निया होता, काढला. भावकी ऐकून घेते, विषय मिटतो. आणि त्या माणसाच्या मनात जे काही चाललेलं असतं, ते तिथंच कोंडून राहतं.

(दृश्य: गेवराईजवळचं एक गाव. मोटार रिवायंडिंगचं दुकान. तांब्याच्या तारेची रिळं.)

या दुकानाच्या मालकानंही गावाला हर्नियाच सांगितला होता. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आज त्यांच्याकडे पाटोदा तालुक्यातला, याच आजाराचा एक तरुण आलाय. वय सत्तावीस, ऊसतोड कामगार, टाके नुकतेच निघालेत. सोबत बायको आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल. वॉर्डातल्या सिस्टरनं दोघांना विचारून एकाचा नंबर दुसऱ्याला दिला. त्यांच्या इच्छेनुसार आम्ही नावं सांगत नाही, चेहरे दाखवत नाही.

पहिली काही मिनिटं पावसापाण्यावर जातात. मग तरुण खाली बघत विचारतो, "भाऊ, माणूस पयल्यासारखा ऱ्हातो का?"

"ऱ्हातो. मला बी हाच घोर लागला व्हता. तुझ्या वहिनीला ईचार."

उत्तर एवढंच. पण ते त्यांच्या तोंडून आलं, म्हणून त्याला वजन आहे. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, की उरलेली एक गोळी निरोगी असेल तर बहुतेकांना शरीराला लागणारं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तेवढ्यावर पुरतं. दाढी, आवाज, ताकद, शरीरसंबंध, सगळं राहतं. थकवा फार वाटला, इच्छाच उरली नाही, तर रक्तात हार्मोनची पातळी तपासता येते आणि कमी असेल तर औषध मिळतं. डॉक्टरांसमोर त्यानं मान हलवली होती. इथं तो पहिल्यांदा खुर्चीत मागं टेकून बसतो.

मग फाइल उघडली जाते.

आमच्या मते सोबतीचं खरं काम इथून सुरू होतं. धीर देणारे पुष्कळ भेटतात. फाइल वाचायला शिकवणारा भेटत नाही. ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, असं समजून कितीतरी जण इथंच थांबतात. पण पुढची सगळी दिशा ठरते ती काढलेल्या गाठीच्या रिपोर्टवरून. या कॅन्सरच्या दोन मुख्य जाती, सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा. गाठ त्यातली कोणती, ती आसपासच्या रक्तवाहिन्यांत शिरली होती का, हे त्यात असतं. पोट-छातीचा सीटी स्कॅन बघून आजार कुठवर गेलाय ते कळतं. आणि रक्ताच्या तीन तपासण्या: एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच. या आजारात रक्तात वाढू शकणारे हे घटक. त्या ऑपरेशनच्या आधी होतात आणि नंतरही करायच्याच असतात. गाठ निघाली की वाढलेले आकडे उतरायला हवेत. एएफपी निम्म्यावर यायला पाच ते सात दिवस लागतात, बीटा-एचसीजीला एक ते तीन दिवस. आकडे उतरले नाहीत किंवा पुन्हा चढले, तर आजार अजून कुठंतरी आहे असं समजायचं.

दुकानदार एका कागदावर बोट ठेवून सांगतात, "ह्यो गाठीचा रिपोर्ट. ह्याचा फोटू दोघांच्या बी मोबाईलात ठिवा. आन् लॅबवाल्याला ईचारा, ब्लॉक-स्लाइडा कुठं हायत." उद्या परळला टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं ठरलं, तर गाठीचे जपून ठेवलेले हे नमुनेच तिथं लागतात.

(दृश्य: ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. ऊसतोडीला निघालेली टोळी.)

या तरुणाचा आजार पहिल्या टप्प्यातला सेमिनोमा आहे. स्कॅन स्वच्छ, रक्त स्वच्छ. अशा वेळी लगेच किमो द्यावीच लागते असं नाही. ठरलेल्या तारखांना रक्त आणि स्कॅन करत लक्ष ठेवणं, हा चांगला आणि जगभर मान्य असलेला मार्ग आहे. डॉक्टरांनी त्याच्यासाठी तोच निवडला.

पण लक्ष ठेवायचं कसं? दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात त्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे, आणि परततात मार्च-एप्रिलला. तपासणीच्या तारखा नेमक्या हंगामात येतात. शिवाय कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेतलेली. सहा आठवडे जड उचलायचं नाही असं सांगितलेला माणूस डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणार कसा? घरी पाठवताना कागदावर लिहून दिलेल्या सूचनांत याचं उत्तर नसतं. ते असायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. बीड जिल्ह्यात रुग्णाला तारीख देताना तो ऊसतोडीला जातो का, हे विचारलंच पाहिजे.

इथं या दोघांनी मिळून तोडगा काढला. डॉक्टरांकडून प्रत्येक तारखेच्या तपासण्या वेगळ्या कागदावर लिहून घ्यायच्या. कारखान्याजवळच्या मोठ्या गावात रक्त द्यायचं, रिपोर्ट मोबाईलवर पाठवायचा. स्कॅनला मात्र परत यायचं. या वर्षी उशिरा निघायचं, हे मुकादमाला सांगायला दुकानदार सोबत जाणार आहेत.

स्वतः दुकानदारांना किमो घ्यावी लागली होती. त्यांचा आजार पोटातल्या गाठींपर्यंत गेला होता. ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन या तीन औषधांचे कोर्स. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसले. रेशनकार्ड-आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला गाठायचं, हे त्यांनाही एका पेशंटनंच शिकवलं. सिस्प्लॅटिननं कानात शिट्टी वाजायची, बोटांना मुंग्या यायच्या. मुंग्या अजूनही अधूनमधून येतात, ते ती गोष्ट लपवत नाहीत. किमो चालू असलेल्या प्रत्येकाला ते एक गोष्ट बजावून सांगतात: ताप आला तर गावातल्या डॉक्टरकडं सलाईन लावून पडायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. किमोत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा साधा वाटणारा तापही जिवावर बेततो.

याच सिस्प्लॅटिननं या आजाराचं रूप पालटलं. १९७४ साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांसोबत वापरायला सुरुवात केली. त्याआधी पसरलेल्या आजारातून फार थोडे वाचायचे. युवराज सिंगच्या छातीत दोन फुप्फुसांच्या मध्ये झालेली गाठही सेमिनोमा जातीचीच होती. २०१२ साली त्याच्यावर इंडियानापोलिसमध्ये किमो झाली, तीही आइनहॉर्न यांच्याच देखरेखीखाली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो भारतासाठी खेळला. ही गोष्ट आमच्या दुकानदारांना तोंडपाठ आहे. समोरचा तरुण पोरगा असला की ते ती हमखास सांगतात.

त्यांना एक खंत आहे. किमोआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आता ते लग्न न झालेल्या प्रत्येकाला हे पहिल्यांदा सांगतात. किमोनंतर पुष्कळांचे शुक्राणू काही काळानं परत येतात, पण सगळ्यांचे येतीलच असं नाही. आणि किमो संपल्यावर निदान वर्षभर मूल होऊ द्यायचं नाही.

इतका वेळ गप्प बसलेली बायको आता बोलते. "आन् पुन्हा आलं तर वो?"

दुकानदार तिला खोटं सांगत नाहीत. पहिल्या टप्प्यातल्या सेमिनोमात नुसतं लक्ष ठेवलं, तर पाचातल्या सुमारे एकाला आजार पुन्हा डोकं वर काढतो, बहुधा पहिल्या दोन वर्षांत. वेळेत सापडला तर त्यातले जवळजवळ सगळे बरे होतात. म्हणून तारखा चुकवायच्या नाहीत. महिन्यातून एकदा, गरम पाण्यानं अंघोळ झाल्यावर, राहिलेली गोळी अंगठा आणि बोटांमध्ये धरून चाचपायची. खडा लागतो का, कडकपणा वाटतो का, ते बघायचं.

तिनं पेन मागून घेतलंय. न थांबणारी पाठदुखी, खोकला, दम लागणं, छातीला सूज, राहिलेल्या गोळीत गाठ. फाइलच्या पुठ्ठ्यावर ती एकाखाली एक लिहिते. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा, हेही लिहिते. आणि फोन नंबर दोन लिहून घेते: एक डॉक्टरांचा, एक दुकानाचा.