आच बंद झाल्यानंतर

[दृश्य : पंचवटीतील एका घराचे स्वयंपाकघर. मे महिना, दुपारचे दोन. ओट्यावर भाताचे झाकलेले पातेले.]

जेवणे उरकली आहेत. उरलेला भात त्याच पातेल्यात, झाकण लावून, ओट्यावर ठेवलेला आहे. रात्री त्याला कांदा-मिरचीची फोडणी दिली जाईल. नाशिकची मे महिन्यातील दुपार चाळिशीच्या आसपास पोहोचते आणि गच्चीखालच्या स्वयंपाकघरात तर हवा हलतही नाही. अन्नातून होणाऱ्या विषबाधेचा विषय निघाला की आपण बाहेरच्या खाण्याला दोष देतो. घरचे, स्वच्छ हातांनी रांधलेले, नीट शिजलेले अन्नही ज्या तासांत बिघडते, ते तास मात्र आपल्या डोळ्यांसमोरून निघून जातात.

भात शिजताना बहुतेक जंतू मरतात. बॅसिलस सिरियस नावाचा मातीतला जिवाणू तांदळाबरोबर घरात येतो आणि त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचात निपचित पडलेली त्याची अवस्था, उकळत्या पाण्यातही टिकून राहते. भात कोमट झाला की हे बीजाणू जागे होतात, वाढू लागतात आणि त्यांतील काही प्रकार भातात विष सोडतात. या विषावर उष्णतेचा परिणाम होत नाही. रात्री दिलेल्या फोडणीने जिवाणू मेले तरी विष जिथल्या तिथे राहते आणि खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. हे आग्रहाने सांगावे लागते, कारण ‘पुन्हा गरम केले की झाले’ हा समज आपल्या घरांत फार खोलवर रुजलेला आहे.

[दृश्य : पातेल्याचे झाकण उचलून भाताचा वास घेणारी आजी.]

भाजी विटते, वरण आंबते, भाताला तार सुटते. बिघडलेल्या अन्नासाठी मराठीत असे नेमके शब्द आहेत, कारण पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी नाकाने आणि बोटांनी अन्न पारखले आहे. ती पारख खरी आहे आणि वास आलेले अन्न टाकूनच द्यावे. परंतु अन्नाला वास आणणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू पुष्कळदा वेगवेगळे असतात. आजीला वास आला नाही, म्हणून भात निर्धोक ठरत नाही. तिथे घड्याळ पाहावे लागते.

५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यान बहुतेक घातक जंतू झपाट्याने वाढतात. म्हणूनच शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हवा ३२ अंशांच्या वर असेल, तर ही मुदत एकच तास धरावी. नाशिकच्या उन्हाळ्यात, दुपारच्या जेवणासाठी, एक तासच धरणे शहाणपणाचे आहे.

भांडे जितके मोठे, तितका हा प्रश्न अवघड होतो. २०१५ नंतरचा सिंहस्थ आता जवळ आला आहे. घरोघरी पाहुणे उतरतील आणि वरण, रस्सा मोठ्या पातेल्यांत शिजेल. असे पातेले बाहेरून हाताला गार लागले, तरी त्याच्या मध्यभागी कित्येक तास ऊब राहते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू नेमक्या या उबेत वाढतो आणि ते अन्न खाल्ल्यावर ६ ते २४ तासांत पोटात कळा व जुलाब सुरू होतात. उरलेले वरण उथळ भांड्यांत विभागावे, भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवावीत आणि वाफ ओसरताच फ्रीजमध्ये सरकवावीत. पुन्हा काढताना लागेल तेवढेच काढून त्याला चांगला कढ आणावा.

[दृश्य : फडक्यात बांधलेली मटकी, नंतर तर्रीत उकळणारी उसळ.]

आता या शहराच्या आवडीच्या पदार्थाकडे, मिसळीकडे, वळू. मटकी भिजवून, फडक्यात बांधून, रात्रभर उबेला ठेवली की मोड येतात. ओलावा आणि ऊब या दोन्ही गोष्टी जंतूंनाही तितक्याच मानवतात. मिसळीची मटकी उसळीत खळखळून उकळते, त्यामुळे ती काळजी मिटते. गोदापार्कवर पहाटे फिरून आल्यावर मोडाची कडधान्ये कच्ची खाण्याची नवी सवय मात्र विचार करायला लावणारी आहे. २०११ मध्ये जर्मनीत घातक ई. कोलाय जिवाणूची साथ आली, सुमारे चार हजार माणसे आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली; तिचा माग शेवटी मेथीच्या मोडांपर्यंत पोहोचला. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना मोड वाफवूनच द्यावेत.

रविवारच्या कोंबडीच्या रश्श्याचेही असेच आहे. रस्सा उकळतो, पण ज्या विळीवर कच्चे मटण किंवा कोंबडी कापली, तिच्यावरच सोबतचा कांदा, लिंबू आणि कोथिंबीर चिरली, तर ती शिजत नाहीत, तशीच ताटात येतात. विळी आणि हात मध्येच साबणाने धुवावेत, किंवा कांदा आधीच चिरून बाजूला ठेवावा. कोंबडी नळाखाली धुतल्याने उडणारे शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर जंतू पसरवतात, म्हणून ती न धुता थेट शिजवणे अधिक सुरक्षित आहे. ही सवय सोडणे अनेक घरांना जड जाईल, हे मला मान्य आहे.

इतके करूनही कोणी आजारी पडलेच, तर जलसंजीवनीचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून ते घोट घोट पाजत राहावे. शौचातून रक्त पडले, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडले, तर तात्काळ दवाखाना गाठावा.

[दृश्य : तेच स्वयंपाकघर, दुसरा दिवस. भात परातीत पातळ पसरलेला, वर जाळी, डोक्यावर पंखा.]

आज आजीने भात जेवणे होताच परातीत पसरला आहे. तो निवताच सून दोन लहान डब्यांत भरते आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, कच्च्या मटणापासून दूर, ठेवून देते. दुपारचे अडीचही वाजलेले नाहीत.