दहा प्रश्न आणि एक खुर्ची

(दृश्य: कॉलेजचा जिना. वर, वळणावर अर्धं उघडं दार.)

या दारावर 'व्यसनमुक्ती' असं कुठेही लिहिलेलं नाही. मुद्दामच. तशी पाटी लावली की आत शिरणाऱ्याकडे सगळा मजला वळून बघतो. इथे एवढंच आहे: 'झोप, ताण, अभ्यास. बोलायला या.'

26 जूनला बहुतेक कॉलेजांत अमली पदार्थविरोधी दिन होतो. शपथ, फोटो, आणि मग वर्षभर सामसूम. हे दार मात्र रोज उघडतं.

(दृश्य: टेबल, कागद, पेन धरलेली बोटं.)

समुपदेशक ताईंसमोर एक कागद आहे. दहा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेची ही 'ऑडिट' चाचणी, फक्त दारूपुरती. गांजा आणि गोळ्यांसाठी वेगळा कागद. किती वेळा पितोस? एका बैठकीत किती? आदल्या रात्रीचं काही आठवत नाही, असं झालंय कधी? प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण. बेरीज 8 किंवा त्याहून जास्त आली, की ताई पेन खाली ठेवतात.

आता भाषण सुरू होणार, या तयारीने समोरचा मान खाली घालतो. ताई विचारतात, "प्यायल्यावर बरं काय वाटतं?"

मान वर येते.

"कमी करायची तयारी किती आहे? 0 ते 10 मध्ये सांग."

"4."

तुम्ही-आम्ही लगेच विचारलं असतं, 10 का नाही? आणि त्याने सबबी सांगितल्या असत्या. ताई विचारतात, "2 का नाही?" मग कमी करायची कारणं तोच मोजायला लागतो. सकाळचं लेक्चर. बहिणीशी झालेलं भांडण. या तऱ्हेच्या संवादाची मांडणी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये केली. त्यात सल्ला कमी आणि ऐकणं जास्त, म्हणून वेळ लागतो. आम्ही कॅमेरा लावून बसलो तेव्हा मधल्या शांतता आम्हालाच जड गेल्या.

(दृश्य: सभागृह. दोन पुठ्ठ्याची खोकी.)

एका खोक्यात चिठ्ठी: मी महिन्यातून किती वेळा पितो किंवा पिते. दुसऱ्यात: वर्गातले बाकीचे किती वेळा पीत असतील. चिठ्ठ्या फळ्यावर उतरवल्या, तर दुसऱ्या खोक्यातले आकडे कितीतरी मोठे. 1986 मध्ये पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांबद्दल हेच मांडलं होतं: इतर जेवढं पितात, त्याहून जास्त पितात असं बहुतेकांना वाटतं, आणि मग ते त्या मनातल्या गर्दीची बरोबरी करायला जातात. फळ्यासमोर आधी हशा पिकतो. मग जरा वेळ कुणीच काही बोलत नाही.

(दृश्य: मैदान. स्वयंसेवक एका मुलाला कुशीवर वळवतायत.)

वरचा गुडघा वाकवायचा, हात गालाखाली, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी झाली तरी श्वास अडकत नाही. "झोपू दे, उतरेल आपोआप" हे वाक्य इथे बंद आहे. पिणं थांबल्यावरही रक्तातलं अल्कोहोल काही काळ वाढतच राहतं. हाकेला ओ देत नसेल, तर आधी अॅम्ब्युलन्स. वॉर्डनला काय सांगायचं, ते नंतर.

वाया गेलेली वर्षं, अपघात, परत न आलेली मुलं. तेही आहेच.

(दृश्य: पुन्हा तेच दार. दप्तर पोटाशी धरलेली एक मुलगी.)

"मैत्रिणीसाठी विचारायचं होतं."

ताई खुर्ची पुढे सरकवतात. वहीत नावाच्या जागी नुसता क्रमांक लिहितात.