एफएन, नमलॉक आणि माउली

नमस्कार श्रोतेहो. लॅपटॉपच्या वरच्या रांगेतली एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह बटणं दोन-दोन कामं करतात. एक काम नुसतं दाबून, दुसरं खाली डावीकडचं एफएन धरून. धरून, बरं का! आधी एफएन धरायचं, मगच दुसरं दाबायचं. विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं, की वायफाय बंद होतं. म्हणून वायफाय अचानक गेलं तर आधी ते बटण आठवा, मग कंपनीला फोन लावा.

आता नमलॉक नावाचं बटण. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी, दरवर्षी वारीला जाणारे. लॅपटॉप जुना, छोट्या कीबोर्डचा. पासवर्ड काय, तर माउली! इंग्रजीत, एम-ए-यू-एल-आय. एके सकाळी लॅपटॉप माउलीला ओळखेना. गुरुजींनी चष्मा पुसून, एकेक अक्षर उच्चारत परत टाइप केलं. टिंबं पाचच, तरी "पासवर्ड चुकीचा". दुकानदार फोनवर म्हणाला, "फॉर्मॅट मारावं लागेल." म्हणजे आतलं सगळं पुसायचं. रोग कुठलाही असो, या मंडळींचं औषध हेच! आत नातवंडांचे बारशापासूनचे फोटो. गुरुजी जेवले नाहीत.

संध्याकाळी नात आली. पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर तिनं बोट ठेवलं, तर आत काय? शून्य, ए, चार, तीन, पाच! मग तिनं पडद्यावरचाच कीबोर्ड उघडला आणि म्हणाली, "आबा, आता इथे बोटानं लिहा." पडदा टचचा होता. आबांनी लिहिलं, लॅपटॉप उघडला. गुरुजी उसळून म्हणाले, "म्हणजे माउली बरोबरच होती, मध्ये आकडे घुसले होते!"

घुसले ते नमलॉकमुळे. अशा कीबोर्डवर काही अक्षरांच्या कोपऱ्यात बारीक आकडे छापलेले असतात. नमलॉक चालू झालं की ती अक्षरं आकडे होतात. पासवर्ड चालत नसेल तर आधी नमलॉक चालू आहे का बघा, अक्षरं मोठ्या लिपीत करणारं कॅप्सलॉक बघा. नमलॉक आणि कॅप्सलॉक, दोन्ही.

जाता जाता, रुपयासाठी "आर-एस" लिहिणं आता सोडा. २०१० साली आपल्याला हक्काचं चिन्ह मिळालं. विंडोजमध्ये इंग्रजी-इंडिया कीबोर्ड निवडला असेल तर उजवं ऑल्ट धरून चार दाबा, ते उमटतं.

टच पडद्याचं थोडक्यात. बोट टेकवून तसंच धरलं, मग उचललं, की राइट क्लिकची यादी येते. ओल्या बोटानं पडदा गोंधळतो, तेव्हा कणीक मळता मळता पाककृती पुढे सरकवायला जाऊ नका. आणि पडदा पदरानं नाही, लॅपटॉप बंद करून मऊ, कोरड्या कापडानं पुसा.