पुस्तक मिटा, मग विचारा

"झाला अभ्यास?"
"हो."
"सगळं येतं?"
"अगं हो आई, तीनदा वाचलंय!"

तुमच्याही घरी हेच चालत असेल, तर पुढची चारपाच मिनिटं माझ्यासोबत बसा.

मागच्या चाचणीच्या आदल्या दिवशी मी लेकीच्या हातातलं विज्ञानाचं पुस्तक घेतलं, मिटलं आणि विचारलं, "वनस्पती अन्न कसं तयार करतात?" ती म्हणाली, "ते ना... डाव्या पानावर आहे. वर झाडाचं चित्र आहे बघ, त्याच्या खालच्या चौकटीत." पान पाठ, चौकट पाठ, आणि चौकटीत काय लिहिलंय ते गायब!

खोटं बोलत नव्हती हो ती. तीनदा वाचलंच होतं. पण वाचलेलं पुन्हा समोर आलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की मुलांना वाटतं, येतं आपल्याला. रस्त्यात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही, तसं. आणि पेपरात नेमकं नावच विचारतात.

यावर एक छान प्रयोग झालाय. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. नंतर एक उतारा पुन्हा वाचायचा, आणि दुसरा न बघता, आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचलेलं जास्त लक्षात होतं. पण आठवड्याने पारडं फिरलं. पुन्हा वाचलेल्यातलं साधारण ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. ती कॉलेजची मुलं होती, हे खरं. पण मला त्यातली ती पहिली पाच मिनिटंच महत्त्वाची वाटतात. मूल "येतंय" म्हणतं, ते याच पाच मिनिटांत.

मग करायचं काय? [कोरा कागद दाखवत] हे. धडा एकदा नीट समजून वाचला की पुस्तक बंद. आठवेल ते सगळं या कागदावर उतरवायचं. मोडकंतोडकं, आकृती, नुसते शब्द, काहीही चालेल. मग पुस्तक उघडायचं आणि राहिलेलं लाल पेनाने भरायचं. आमच्या पहिल्या कागदावर निळ्यापेक्षा लालच जास्त होतं. लेक रडकुंडीला आली. मी म्हटलं, अगं, हे लाल आहे ना, तेवढाच उद्याचा अभ्यास. निळं सोडून दे.

आता आपली चूक. मूल अडलं की आपण लगेच "ह... हरि..." करून पुढचं अक्षर पुरवतो. मीही करायचे. त्याने आठवण्याची मेहनत आपणच करून टाकतो. म्हणून प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. सातव्या-आठव्या आकड्याला फार त्रास होतो, सांगून ठेवते.

दुसरं, हे सगळं एका रात्रीत नको. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, आणि उजळणी दिवसांवर वाटून घेतली तर कमी मेहनत लागते. शुक्रवारी चाचणी असेल तर सोमवार, मंगळवार, गुरुवार, पंधरा-पंधरा मिनिटं. सलग पाऊण तास बसवण्यापेक्षा हे बरं, आणि घरात आरडाओरडाही कमी.

गणिताचं थोडं वेगळं. तिथे मुलं सोडवलेलं उदाहरण बघतात आणि मान डोलावतात. शिवाय धड्याचं नाव 'भागाकार' असलं की प्रत्येक गणितात भागायचंच आहे, हे आधीच माहीत असतं. पेपरात ते नाव नसतं. म्हणून तीन-चार धड्यांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहून मिसळा. एक चिठ्ठी उचलायची आणि सोडवण्याआधी नुसतं सांगायचं, इथे काय करावं लागेल आणि का.

आदल्या रात्री जागरण नको. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. बस, एवढंच.

आणि पेपर हातात आला की मार्कांवरून लगेच सुरू होऊ नका. चुकलेले प्रश्न बघा. एक चूक 'आलंच नाही'ची असते, एक घाईची, आणि एक प्रश्न नीट न वाचल्याची. या वेळी आम्ही दोघी पेपर घेऊन बसलो. एका उत्तरापाशी ती थांबली, प्रश्नावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई, 'कारण द्या' विचारलंय आणि मी व्याख्या लिहून आलेय!"

मी तेव्हा चारपर्यंतच मोजलं होतं.