ग्लुटेन गेलं, लोणी-साखर तिथंच

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या मोठ्या दुकानात बिस्किटांच्या रांगेपाशी उभं राहिलात, तर एक नवा पुडा हमखास दिसेल. वर ‘ग्लुटेन फ्री शॉर्टब्रेड कुकीज’ असं लिहिलेलं, बाजूला हिरवं पान काढलेलं आणि किंमत नेहमीच्या बिस्किटांच्या कितीतरी पट. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं, कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन. आणि हातात घेऊन पाहणाऱ्यांत गव्हाचा खरोखर त्रास असणारी माणसं थोडी. बाकीच्यांना वजन उतरवायचं असतं, कुणाला साखरेचा आजार असतो, कुणी नातवंडांना ‘हेल्दी’ म्हणून घेतं. त्यामुळे आज या बिस्किटाच्या पोटात नेमकं काय असतं, तेवढंच बोलू.

शॉर्टब्रेड मूळचं स्कॉटलंडचं. कृती लक्षात ठेवायला सोपी आहे: एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग पीठ आणि चिमूटभर मीठ. अंडं नाही, दूध नाही. आपली नानकटाई याच्या अगदी जवळची, फक्त तिथं बटर आणि इथं तूप. भरपूर फॅट पिठाच्या कणाकणाला लपेटून बसतं, पाण्याशी पिठाची गाठ पडू देत नाही, म्हणून ग्लुटेनची जाळी धरतच नाही आणि बिस्किट तोंडात विरघळतं. म्हणजे या बिस्किटाला ग्लुटेन मुळातच फारसं लागत नाही. गव्हाऐवजी तांदळाचं पीठ घातलं तरी ते बऱ्यापैकी जमतं. स्कॉटलंडमध्येसुद्धा खुसखुशीतपणासाठी मैद्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळायची पद्धत जुनी आहे. पाव बिनग्लुटेनचा करायला मात्र घाम फुटतो.

आता वजनकाटा काढू. 100 ग्रॅम साखर, 200 ग्रॅम बटर, 300 ग्रॅम तांदळाचं पीठ. साखरेच्या कॅलरी 400, बटरच्या 1400 हून थोड्या जास्त, पिठाच्या हजाराच्या वर. सगळ्या मिळून साधारण 2900. यात 30 बिस्किटं पाडलीत, तर एकेक भाजल्यावर जेमतेम 18 ग्रॅमचं होईल आणि त्यात शंभराला टेकतील एवढ्या कॅलरी असतील. दोन बिस्किटं खाल्ली की एका मध्यम ज्वारीच्या भाकरीएवढ्या कॅलरी पोटात गेल्या. भाकरीनं दुपार निघते. ही दोन चहाबरोबर कुठं गेली, तेही कळत नाही.

पण माझं खरं बोट आहे ते बटरवर. 200 ग्रॅम बटरमध्ये फॅट 160 ग्रॅम, आणि त्यातलं शंभरेक ग्रॅम संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारं. एका बिस्किटाच्या वाट्याला तीन ग्रॅमच्या वर येतं. दिवसाला 2000 कॅलरी घेणाऱ्या माणसानं संपृक्त फॅट 22 ग्रॅमच्या आत ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीवरून निघतं. चार बिस्किटांत निम्म्याहून जास्त कोटा संपला. जेवण अजून व्हायचंच आहे, आणि कोल्हापूरचं जेवण म्हणजे तर्रीशिवाय पुढं सरकत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग मैद्याच्या आणि बिनग्लुटेनच्या बिस्किटात फरक काय? कॅलरीत जवळपास नाही. साखर तेवढीच, बटर तेवढंच. फरक पडतो प्रथिनात, आणि तोही उलट्या बाजूनं. मैद्यात शंभराला दहाच्या आसपास प्रथिनं, तांदळाच्या पिठात सहा-सात. बऱ्याच पुड्यांत तर तांदळाच्या जोडीला मक्याचा, बटाट्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च असतो, त्यात प्रथिनं आणि चोथा नावालाच. पुड्यामागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेली असते. पहिल्या तीन नावांत स्टार्च, साखर आणि बटर दिसलं, तर समजून जा. आणि आकडे ‘प्रति 100 ग्रॅम’चे आहेत की ‘प्रति सर्व्हिंग’चे, तेही बघा. सर्व्हिंग बऱ्याचदा एकाच बिस्किटाचं धरलेलं असतं. एका बिस्किटावर थांबणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मधुमेह असणाऱ्यांनी तर नीटच ऐका. ‘ग्लुटेन फ्री’ म्हणजे ‘शुगर फ्री’ नव्हे, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. साखरेऐवजी गूळ घातला म्हणूनही सुटका नाही. गुळाच्या पेठेत राहून हे बोलणं जरा जिवावर येतं, पण कॅलरीच्या हिशोबात गूळ साखरेच्या पाठीला पाठ लावूनच चालतो.

नाचणीचं बिस्किट थोडं बरं. वरच्या मापात निम्मं पीठ नाचणीचं घेतलंत, तर बिस्किटामागं अर्धा ग्रॅम चोथा आणि पंधरा-सतरा मिलिग्रॅम कॅल्शियम जास्तीचं मिळतं. वाईट नाही, पण कॅल्शियमसाठी नाचणीच हवी असेल तर आंबील प्या, तिथं बटर आडवं येत नाही.

मग ही बिस्किटं कुणासाठी? ज्यांना सीलिअॅक आहे त्यांच्यासाठी. या आजारात गहू, जव आणि राय नावाचं धान्य यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं हा धागा पकडला. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुलं सुधारायला लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. अशा मुलांना आयुष्यभर गहू वर्ज्य. वाढदिवसाला त्यांच्याही ताटलीत बिस्किट पडतं, याचं मोल कॅलरीत मोजू नये.

त्यांच्यासाठी पुड्यावरच्या ‘ग्लुटेन फ्री’ या दोन शब्दांना कायद्याचा अर्थ आहे: किलोमागं जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लुटेन. घरात तेवढं सांभाळणं अवघड असतं. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी टाकली की जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. दिवाळीच्या आधी घरचं पीठ-तूप घेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणतात, तिथं ट्रे मैद्याचेच आणि हवेतही मैदाच. सातूच्या पिठात गहू असतो. आणि डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, हे तर अनेकांना ठाऊकच नसतं. तांदूळ घरी धुऊन, वाळवून मिक्सरला फिरवणं आणि बारीक चाळणीनं चाळून घेणं, हा त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग. पीठ भरड राहिलं तर बिस्किट दाताखाली कचकचतं.

एक शेवटचं. पोट बिघडतं, रक्त वाढत नाही, मूल वजन धरत नाही, म्हणून कुणी सांगितलं आणि गहू बंद केला, असं परस्पर करू नका. सीलिअॅकची रक्ततपासणी माणूस गहू खात असतानाच खरी येते, गहू सोडून काही महिने झाले की ती आजार असूनही निर्दोष निघू शकते. डॉक्टरांना दाखवा, आणि तपासणी होईपर्यंत घरात चपाती चालू राहू दे.

नमस्कार.